सात वाजून दहा मिनिटांची ओळ

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. नाव भारदस्त, पण दिसायला अगदीच साधा. एक काळा खोका, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, चादरींच्या कपाटाशेजारी. मूत्रपिंडं थकलेल्या माणसांचं रक्त या दवाखान्यात यंत्रावर शुद्ध करतात. त्याला डायलिसिस म्हणतात. कुणाची पाळी किती वाजता, तो तक्ता माझ्या पोटात असतो. घरी बसून कुणी तो मागितला, की मी पाठवतो आणि माझ्या नोंदवहीत एक ओळ लिहितो. नाव लिहीत नाही, पण वेळ सेकंदापर्यंत लिहितो. त्यात मी कधी हयगय केलेली नाही.

मला जुळवून चालतं केलं संगणकवाल्या ताईंनी. तेव्हा काय माझा थाट होता! दवाखान्याचे साहेब पाहुण्यांना मुद्दाम मागच्या खोलीत आणून मला दाखवायचे. पुढे वय झालं. पंखा घरघरू लागला, तक्ता पोचायला वेळ लागू लागला. तेच साहेब म्हणू लागले, हा म्हातारा आता काढा. ताईंना माझी दया आली. त्यांनी माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली. तुमच्या संगणकावर पानं उघडून दाखवणारा जो ब्राउझर असतो ना, त्याला मी पान देताना सांगायचं, 'ही प्रत जपून ठेव, वर्षभर मला पुन्हा विचारू नकोस.' माझी दगदग निम्मी झाली. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

मग एक डायलिसिस यंत्र बिघडलं आणि पाळ्यांच्या वेळा दर आठवड्याला बदलू लागल्या. बहुतेक लोक भिंतीवरचा कागद वाचत. घड्याळकाका मात्र माझा तक्ता बघून घरून निघत. काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. उशीर हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटे. ते एका बुधवारी साडेअकराला आले, तर त्यांची पाळी सकाळी आठची होती. कसंबसं संध्याकाळी त्यांना सामावून घेतलं, तोवर पाय सुजले होते. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच!

या वेळी त्यांची लेक सोबत आली आणि दोघं थेट ताईंसमोर बसली. लेक म्हणाली, बाबांच्या आता लक्षात राहत नाही. त्यांचा चिमटा, भिंग, सगळी हत्यारं तिने खोक्यात भरली होती. महिनाअखेर त्यांना आपल्या घरी नेणार होती. काका एकच सांगत होते, मी तक्त्यात साडेअकराच पाहिलं. ताईंनी विचारलं, किती वाजता पाहिलंत? काका म्हणाले, रोज सात वाजून दहा मिनिटांनी, चहाच्या आधी.

ताईंनी माझी नोंदवही उघडली. सात चारला कुणीतरी आलं होतं, सात एकोणीसला कुणीतरी. सात दहाला कुणीच नाही. लेक वडिलांकडे बघत राहिली.

"मग मीच चुकलो असेन," काका हळूच म्हणाले.

मित्रांनो, मी खोटं लिहिलं नव्हतं. तरी मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं काटे जुळवणारा माणूस माझ्या साक्षीने स्वतःवर संशय घेऊ लागला होता.

पण ताईंना चैन पडेना. त्यांच्या पडद्यावर नवाच तक्ता दिसत होता. दिसणारच! त्यांना दोन-तीन बटणं एकदम दाबून दर वेळी ताजं पान मागायची सवय. जुनी प्रत त्यांच्या नजरेस पडणार कशी? दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या काकांच्या घरी गेल्या, हातातल्या फोनवर माझी नोंदवही उघडी ठेवून. इकडे मीही कान टवकारून बसलो होतो. सात नऊ झाले, सात दहा झाले, सात अकरा झाले. माझ्याकडे कुणी आलं नाही.

तिथे काय घडलं ते ताईंनी नंतर नर्सबाईंना सांगितलं, म्हणून मला कळलं. सात दहाला काकांनी तक्ता उघडला. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत साडेअकरा! ब्राउझरने जपलेली जुनी प्रत काढून दाखवली होती. बिचारा माझाच शब्द पाळत होता.

ताई लेकीसमोरच म्हणाल्या, "काका, तुम्ही बरोबर पाहिलंत. चूक माझी आहे."

काकांनी लेकीकडे आपलं भिंग परत मागितलं. तिने आख्खा खोकाच आणून त्यांच्या टेबलावर रिकामा केला, आणि त्यांच्या गळ्यात पडून रडली.

ताईंनी तिथली जुनी प्रत पुसली. परत येऊन माझी ओळ बदलली. आता मी सांगतो, 'प्रत ठेव, पण दाखवण्याआधी दर वेळी मला विचार.' आधी दिलेल्या प्रती मात्र मला इथून परत बोलावता येईनात. मग ताईंनी दोन दिवस बसून एकेका पेशंटला फोन केला.

माझी धाप पुन्हा वाढली आहे. सोमवारी माझ्या जागी नवा खोका येतोय. माझा राग नाही, वयापुढे कुणाचं काय चालतं? फक्त त्याच्या फाइलमध्ये ती नवी ओळ आठवणीने लिहा. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस 'मी पाहिलं' म्हणालं, तर आधी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्याच्या पडद्यावर काय दिसतंय ते पाहा.

आज सकाळी मी नोंदवहीत लिहिलं: सात वाजून दहा मिनिटं, तीन सेकंद. नाव लिहिलं नाही, पण काका आले होते.