हत्तीमहाराजांचं प्रवचन

चिनू अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तिच्या आजीला, म्हणजे साऱ्या घराच्या आक्कांना, त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांचा जिनपाल, म्हणजे चिनूचा बाप, म्हणे तीन वर्षांचा होईस्तोवर मुका होता, आणि आता शाहूपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाइकाला तोंड उघडू देत नाही. पण चिनूच्या आईच्या, प्रियदर्शनीच्या, जिवाला घोर लागला होता. लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोरीच्या मागून चुटकी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि कान एकदा तपासून घ्या म्हणाले. तो 'एकदा' तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता.

तपासणी मागं पडली ती हत्तीमुळे.

टीव्हीवर दुपारी लहान मुलांचा एक कार्यक्रम लागायचा. त्यात एक कापडी हत्ती होता, त्याचं नाव हत्तीमहाराज. चिनूचा त्याच्यावर भारी जीव. पण कार्यक्रम नेमका तिच्या झोपेच्या वेळी, आणि मधल्या जाहिरातींचा प्रियदर्शनीला धसका. केव्हा काय अंगावर येईल नेम नाही. शेवटी जिनपालनं घरच्या कॉम्प्युटरात एक कार्ड बसवलं, त्याला केबलची वायर जोडून दिली, आणि टीव्हीवरचं रेकॉर्ड व्हायला लागलं. पुढचं सगळं ती आपलं आपण शिकली. बी.एस्सी. झाल्याचा लग्नानंतर पहिल्यांदाच काही उपयोग झाला, असं माहेरी फोनवर सांगायची.

काम किचकट होतं. रेकॉर्डिंगमधून चित्राची फाइल वेगळी काढायची, आवाजाची वेगळी. जाहिराती कापायच्या, मग चित्राला त्याचा आवाज जोडायचा आणि डीव्हीडी करायची. पण तिनं जीव ओतला तो मेनूत. चिनूला वाचता येत नाही म्हणून मेनूत अक्षरं नव्हती, नुसती चित्रं. नदीतला हत्ती, झोक्यावरचा हत्ती, छत्रीखालचा हत्ती. रिमोटचा बाण दाबला की लाल चौकट एका हत्तीवरून दुसऱ्यावर सरकायची, मधलं बटण दाबलं की तो हत्ती सुरू. मागं बासरीची धून लावली होती, संपली की पुन्हा पहिल्यापासून. धुनीचा जोड कानाला कळू नये म्हणून ती दुपारच्या दुपारी हेडफोन लावून बसली होती.

चिनू ते पटकन शिकली. आल्यागेल्याला आक्का कौतुकानं दाखवायच्या, बघा पोर कशी आपल्या हातानं लावती. आणि खरी गंमत पुढंच होती. हत्तीच्या गाण्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी टाळी पडायची, आणि चिनू बरोब्बर त्याच ठोक्याला टाळी वाजवायची. प्रियदर्शनीनं डॉक्टरांचा विषय काढला की जिनपाल तेवढंच विचारायचा. "ऐकू येत नसतं तर टाळी ठोक्यावर पडली असती का? सांग की मला." मग ती विषय सोडून द्यायची. खरं सांगायचं तर तिलाही तेच हवं होतं. त्या टाळीवर तिला झोप लागत होती.

चातुर्मास लागला तशी आक्कांनीही मागणी केली. केबलवर सकाळी मुनिमहाराजांचं प्रवचन लागायचं, पण ती वेळ त्यांच्या मंदिराची. मलाबी तसली चकती करून दे म्हणाल्या. तिनं करून दिली, मेनूसकट. आक्कांनी चष्मा लावून पडदा निरखला.

"चारी चौकटीत महाराजच की गं. ह्यातलं कुठलं दाबायचं?"

हत्तीला महाराज म्हणतात याचा राग त्यांना आधीपासूनच होता. जनावराला महाराज म्हणणाऱ्यांच्या जिभेला काही हाड हाय का, असं त्या दर दोन दिवसांनी विचारायच्या.

घोळ झाला तो त्याच नावानं. प्रियदर्शनीनं प्रवचनाच्या फाइलींना नाव दिलं होतं महाराज एक, महाराज दोन, महाराज तीन, महाराज चार. हत्तीच्या फाइलींनाही तेच. मग एका सकाळी तिनं हत्तीची नवी डीव्हीडी लावून दिली. चिनूनं चौकट सरकवत सरकवत छत्रीवाल्या हत्तीवर आणली आणि बटण दाबलं. हत्ती डुलत आला, त्यानं केळ्याचा अख्खा घड तोंडात कोंबला, आणि धीरगंभीर आवाज घुमला की श्रावकहो, रात्रिभोजनाचा त्याग करा.

आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप हलायला लागलं. हसून हसून डोळ्यांना पदर लावत त्या म्हणाल्या, "काढ गं ते, पाप लागंल. आधी त्याला केळी तर गिळू दे म्हणावं." हत्तीच्या चित्राला प्रवचनाचा आवाज जोडला गेला होता. प्रियदर्शनीही पोट धरून हसत होती. डीव्हीडी काढायला ती उठली, आणि तेवढ्यात टाळी वाजली.

चिनूनं वाजवली होती.

प्रियदर्शनीचं हसू तोंडातच राहिलं. गाणं नव्हतं, ठोका नव्हता. महाराज संथपणे सूर्यास्तानंतरच्या पाण्याबद्दल सांगत होते. पडद्यावर हत्तीनं सोंड वर केली, खाली घेतली, पुन्हा वर केली. चिनूनं पुन्हा टाळी वाजवली. आनंदानं, रोजच्यासारखी, बरोब्बर सोंड वर होताना. गाण्यातही टाळीला सोंड अशीच वर व्हायची.

प्रियदर्शनी डीव्हीडी काढायची विसरली. ती होती तिथं फरशीवर बसली. कुकरच्या शिटीला कधी न दचकणारी पोर. दिवाळीत फटाक्यांच्या माळेत गाढ झोपलेली, आणि किती शांत म्हणून आपण मिरवलेली. हाक मारली की वळायची ती. पण कुठून मारली होती हाक? दर वेळी पोर शोकेससमोर खेळत असायची, आणि काचेत आई दिसत असायची. एवढी डोळ्यांत तेल घालून जपली, आणि जे बघायचं ते बघितलंच नाही.

"आक्का," ती म्हणाली, "तिच्याकडं बघा. टीव्हीकडं नको, तिच्याकडं."

आक्कांनी बघितलं. चिनूनं टाळी वाजवली. आक्कांचं सूप हलायचं थांबलं.

"आता पाठीमागं दाराशी जावा, आणि तिथनं तिला हाक मारा."

आक्कांचा आवाज साधा नव्हता. मळ्यात त्यांनी हाक दिली की पलीकडच्या बांधावरचा गडी वळून बघायचा. त्या दाराशी गेल्या. आधी त्यांनी नेहमीसारखी हाक मारली, मग मोठ्यानं, मग मळ्यातली. शेजारच्या बायडाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या.

चिनू सोंड वर व्हायची वाट बघत बसली होती.

आक्कांनी दाराची चौकट धरली.

जिनपाल जेवायला आला तेव्हा ताट वाढलेलं नव्हतं. प्रियदर्शनीनं त्याला चिनूशेजारी बसवलं आणि काही न सांगता छत्रीवाला हत्ती लावला. प्रवचन सुरू झालं तसा तो खो-खो हसला. हे दुकानात लावलं तर गर्दी आवरायची न्हाय, म्हणाला. मग टाळी वाजली. तो हसतच राहिला. दुसरी वाजली तेव्हा त्यानं बायकोकडं बघितलं, तिसरीला आईकडं. चौथीला त्यानं चिनूचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले, टाळी पडू नये म्हणून धरावे तसे. ती चकित होऊन त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, ओठांकडं.

"उद्या नेऊया," तो म्हणाला.

"आत्ता," प्रियदर्शनी म्हणाली.

तिनं पोरीला कडेवर घेतलं. जिनपाल स्कूटरची किल्ली शोधत होता, ती त्याच्या हातातच होती. कार्यक्रम संपून पडद्यावर पुन्हा मेनू आला होता. लाल चौकट छत्रीवर थांबलेली, बासरी चालू. आक्कांनी रिमोट उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि हे बंद कसं करायचं म्हणून विचारलं.

प्रियदर्शनी उंबऱ्यात थांबली. धून संपली आणि पुन्हा सुरू झाली. जोड खरंच कळत नव्हता.

"राहू दे आक्का," ती म्हणाली, आणि चिनूचं तोंड आपल्याकडं वळवून तिला सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं की आपण भुर्र जायचं.