मॉरिसचा भोंगा

"गारी न्या. पन भोंगा हितंच ठेवा."

आनंदीबाईंनी मला हे दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मी ते हसण्यावारी नेलं. आमच्या घरात मी सगळ्यालाच घाबरते अशी माझी ख्याती आहे. पाणी वीस मिनिटं उकळते. गॅस बंद केला का ते बघायला कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते. मुलगी झोपली की तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजते. तिचं नाव पूर्वी, तेव्हा सव्वा वर्षाची होती. एवढी सावध बाई मी, आणि नेमकं जे ऐकायचं तेच ऐकलं नाही.

२००६ चा जानेवारी होता. माझा नवरा दीपेश मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याला जुन्या गाड्यांचं वेड. अंजूरला केसरीनाथकाकांच्या अंगणात एक मॉरिस मायनर पडून आहे, चोपन्न सालची, विलायती, असं कुठल्यातरी ट्रकवाल्याने त्याला सांगितलं. त्या अंगणातून नव्या गोदामाची भिंत जाणार होती, त्यामुळे गाडी हलवणं भागच होतं. रविवारी टेम्पो घेऊन आम्ही तिघं आमच्या पूर्णा गावाहून अंजूरला गेलो.

गाडी शेवग्याखाली उभी होती. चाकं मातीत रुतलेली, मूळचा हिरवा रंग फक्त दारांच्या कडांना उरलेला, मागच्या सीटवर कोंबडीने अंडं घातलेलं. दीपेश मुलगी बघायला आल्यासारखा तिच्याभोवती फिरत होता. मी पूर्वीला कडेवर घट्ट धरून गंज कुठे कुठे आहे ते बघत होते आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत होते.

"या गावातल्या एकवीस नवऱ्या या गारीतून सासरी गेल्यान," केसरीनाथकाका म्हणाले. बहात्तरीचा सडसडीत माणूस, चट्टेरी लुंगी, पांढरी बंडी. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलं ठाण्याला. "ईस वर्सं इंजिन बंद हाय. माझ्याबरोबर गंजून जाईल. त्यापेक्षा तुमी तरी चालवा."

दीपेशने एकच अट घातली, गाडी नटबोल्टांसकट पूर्ण हवी. एकही भाग बदललेला नको. तेवढ्यात दोन खाचरांपलीकडच्या घरातून काठी टेकत आनंदीबाई आल्या. काकांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. गुडघे पार गेलेले, तरी बांधावरून आल्या आणि आल्या आल्या भोंग्याचं बोलल्या.

"काकी, हॉर्न काढला तर गाडी ओरिजिनल कशी राहील?" दीपेश म्हणाला.

"वैनीचं मनावर नका घेऊ," काका म्हणाले. "तिला सकालपासून कुनालातरी टोचायला लागतं."

"तुला टोचून फायदा काय? कातडी गेंड्याची," आनंदीबाई म्हणाल्या.

आम्ही हसलो. मग मी ओट्यावर बसून पूर्वीच्या पायात बूट घालत होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "पोरी, मी खरा सांगतंय. भोंगा ठेवा त्याच्याकरं."

"हो आजी," मी म्हटलं. हट्टी मुलाला म्हणतात तसं. म्हाताऱ्या माणसांना वस्तू सोडवत नाही, एखादा तुकडा तरी मागे ठेवायचा असतो, असा मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या डोक्याने अर्थ लावला. का ठेवा, एवढं साधं विचारलं नाही.

गाडी टेम्पोवर चढली. काकांनी बॉनेटवर एकदा तळहात ठेवला आणि टेम्पो सुटायच्या आधीच ते आत गेले. मला वाटलं, चहा ठेवायला गेले असतील.

पूर्ण्याला आमच्या दारापुढच्या पत्र्याखाली मॉरिस आली. बुधवारी सकाळी दीपेश ड्युटीवर गेल्यावर मी डेटॉलचं पाणी आणि फडकी घेऊन ती पुसायला काढली, कारण पूर्वी तेव्हा दिसेल ते चाटायची. डॅशबोर्डवर बोटभर धूळ होती. स्टिअरिंगवर, काचेवर, सगळीकडे तीच. पण स्टिअरिंगच्या मधोमध भोंग्याचं बटण मात्र लख्ख होतं, देव्हाऱ्यातल्या घंटेसारखं. रोज हात लागल्याशिवाय असं होत नाही.

मी बॉनेट उघडलं. गंजक्या इंजिनाच्या मागे बॅटरी होती, काळी कुळकुळीत, नवी. तिच्यावर दुकानाची चिठ्ठी, तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

मी बटण दाबलं. पूर्वी दचकली, ओठ काढला, आणि मग टाळ्या वाजवायला लागली. आवाज मोठा होता, जाड, दोन खाचरं ओलांडून सहज जाईल असा.

ज्या गाडीचं इंजिन वीस वर्षं बंद आहे, तिच्यात माणूस नवी बॅटरी कशाला घालेल?

काकांच्या घरचा फोन लावला. तो लागलाच नाही. जेसीबीने केबल तोडल्यापासून तो मुकाच आहे असं काकाच म्हणाले होते. मग दीपेशला लावला.

"काय विसरलो?" तो म्हणाला.

"दीपेश, ती बॅटरी नवीन आहे. काका रोज भोंगा वाजवत असणार. आनंदीबाईंसाठी. म्हणून त्या ठेवा म्हणत होत्या."

"बरं, मग?"

"मग तीन दिवस वाजला नाहीये. काका बरे आहेत हे त्यांना कळणार कसं?"

"मेघाली, मागच्या आठवड्यात गॅस बघायला तू मला मानकोलीहून घरी पाठवलंस. बंदच होता." मागे कुणीतरी ओरडत होतं, माल उतरत होता. "संध्याकाळी जाऊन येऊ ना दोघं."

"मी आत्ता जातेय."

"पूर्वीची टोपी घे," तो म्हणाला.

रिक्षात मी मनात शंभर वेळा म्हटलं असेल की आपण उगाचच निघालोय. काका ओट्यावर बसलेले असतील, हसतील, चहा देतील, आणि दीपेशला वर्षभर चिडवायला एक गोष्ट मिळेल. मला तसंच हवं होतं.

पुढचं दार आतून बंद होतं. हाका मारल्या. अंगणाच्या कडेला जेसीबी धडधडत होता, त्यात माझाच आवाज मला ऐकू येईना. पूर्वीला कडेवर घेऊन मी मागे गेले. मागे पत्र्याची न्हाणी, दार अर्धं उघडं.

काका फरशीवर पडले होते. साबणाची डबी भिंतीपाशी, लुंगी ओली, उजवा पाय नको तसा वळलेला. डोळे मिटलेले. मी खाली बसले आणि त्यांच्या पोटावर हात ठेवला, रोज रात्री पूर्वीच्या ठेवते तसाच. पोट वर आलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं.

त्यांनी डोळे उघडले. "कोन?"

"मी मेघाली, काका."

"गारीवाली." घसा ओरडून ओरडून बसला होता. "चालू झाली?"

"नाही अजून. नुसता भोंगा वाजतो."

"त्यो वाजायचाच," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

मी ओढणी त्यांच्या अंगावर टाकली, जेसीबीवाल्याला हात करून मशीन बंद करायला लावलं, दीपेशला फोन केला. तो गोदामाची गाडी घेऊन वीस मिनिटांत आला. तोवर बांधावरून आनंदीबाई येत होत्या, काठी आपटत, मधेच थांबत. त्यांना दारातूनच सगळं दिसलं. त्या काकांच्या डोक्याशी मटकन बसल्या.

"सकालपासून कान लावून बसलंय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "वाजला न्हाय. मंग म्हनलं, वाजंल कसा, गारी तं गेली. तीन दिस मी मनाला ह्येच सांगतंय. वाजला न्हाय तरी तो बरा असंल."

त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळं मग हॉस्पिटलात कळलं. काका त्या दिवशी पहाटे अंघोळीला गेले तेव्हा पडले होते. काकांची बायको गेल्यावर दीर-भावजयीने ठरवलेली पद्धत होती. सकाळी सातला एकदा वाजला, म्हणजे उठलो. दोनदा वाजला, म्हणजे चहाला येतो.

"आणि तीनदा?" दीपेशने विचारलं.

"तीनदा म्हंजे कालचा चा फुलकवनी होता," काका म्हणाले.

"तेवरा कंदी वाजवायची हिंमत झाली न्हाय त्याची," आनंदीबाई म्हणाल्या.

"मग रविवारी आम्हाला सांगितलं का नाहीत, काका?" मी विचारलं.

ते छताकडे बघत राहिले. "काय सांगू? म्हातारा रोज भोंगा वाजवून सांगतं, मी अजून मेलो न्हाय?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आणि एप्रिलमध्ये ते काठी घेऊन घरात चालायला लागले. ते हॉस्पिटलातून घरी यायच्या आदल्या दिवशी मी दुपारची उठून बाहेर आले तर दीपेश मॉरिसच्या पुढे मांडी घालून बसला होता, हातात पाना. भोंगा त्याच्या मांडीवर होता. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. पूर्वी बाजूला बसून एकेक स्क्रू त्याच्या हातात देत होती, आणि मी एकदाही म्हटलं नाही की ती तोंडात घालेल.

"गाडी ओरिजिनल राहणार नाही," मी म्हटलं.

"नाही राहणार," तो म्हणाला.

भोंगा काकांच्या मागच्या खिडकीत बसवला, तोंड आनंदीबाईंच्या घराकडे. खाली बॅटरी, आणि बटण पलंगाच्या उशाशी. आणखी एक न्हाणीत, हात पुरेल इतकं खाली. मॉरिस सुरू व्हायला पुढे दीड वर्ष लागलं. तिला आता स्कूटरचा हॉर्न आहे. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक ऐकून हसतात. दीपेशही हसतो.

हे सगळं आत्ता लिहितेय त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात आनंदीबाईंना त्यांच्या लेकीने भिवंडीला नेलं, गुडघ्यांसाठी, आणि त्या परत येतील असं वाटत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाते. रविवारी दीपेश मॉरिस घेऊन जातो. काका अजून रोज सातला एकदा वाजवतात, पण पूर्ण्यापर्यंत तो आवाज येत नाही. उरलेले चार दिवस ऐकायला कुणी नाही.

तुमच्यापैकी पुष्कळजण मानकोलीच्या गोदामांत सकाळच्या शिफ्टला अंजूरवरून जाता. शेवग्याचं झाड अजून आहे, गोदामाच्या भिंतीला लागून. सातच्या सुमारास तिथे गाडी मिनिटभर बंद करा आणि ऐका. वाजला तर तसेच पुढे जा, थांबायची गरज नाही. नाही वाजला तर मागच्या दाराने आत जा. कडी बाहेरून निघते, मी तशी करून घेतली आहे. आधी न्हाणीत बघा.