चकती जागेवर नव्हती

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘पाणीवाली’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सात वर्षं ती पाणीच तयार करत होती. पोलादी हंड्यातली हवा उपसून टाकायची, आत टांगलेली नखाएवढी शुद्ध लोखंडाची चकती तापवायची, तिच्यावर आधी ऑक्सिजन सोडायचा, मग हायड्रोजन. दोघांची लोखंडावर गाठ पडून त्यांचं पाणी होई आणि रेणूंचं वजन करणारं यंत्र पडद्यावर एक उंचवटा काढी. सात वर्षांच्या पाण्याने चिमणीची चोचही ओली झाली नसती, असं तिचा नवरा म्हणे. थट्टेखोर माणूस, पण महिन्याभरात प्रबंध मान्य झाला नाही, तर बायकोची ठरलेली कॉलेजातली नोकरी हातची जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

बुधवारी शेवटची फेरी झाली. उंचवटा इतका देखणा आला की तिने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मग ती सहज काचेच्या खिडकीतून आत डोकावली. चकती जागेवर नव्हती. सकाळी साफ करायला म्हणून तिने ती बाजूच्या नळीत ओढून घेतली होती, आणि परत आत ढकलायची साफ विसरली होती.

मग हे पाणी केलं कोणी? हंड्याच्या भिंतींनी. त्याही पोलादाच्या, म्हणजे लोखंडाच्याच, आणि चकती तापवणाऱ्या तारेच्या आचेने त्याही तापत. चकतीतलं गंधक काढण्यात तिने चार महिने घालवले होते. भिंतींना कोणी साधं विचारलंही नव्हतं. काम मात्र त्याच गुपचूप करत होत्या.

चकती बाहेर ठेवून तिने आणखी पाच फेऱ्या घेतल्या. प्रयोग फसावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच देवाला हात जोडले. मेला उंचवटा पाचही वेळा हजर, केसभरही कमी नाही.

तिच्या मार्गदर्शकांना सगळे नुसतं सर म्हणत. सरांचं नाव याच हंड्यावर झालं होतं आणि बारा विद्यार्थ्यांची पदवीही. तिने जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

“चकती बाहेर ठेवून प्रयोग करायला तुला सांगितलं कोणी?” सर कडाडले.

“कोणी नाही, सर. विसरले.”

“मग हेही विसर.”

विसरणं फार सोपं होतं, आणि तिला मोहही झाला. दोन दिवस ती घरी चिडचिड करत बसली, रडलीही. मग तिने सगळं लिहून काढलं आणि सोमवारी प्रबंध सरांच्या टेबलावर ठेवला. तीन दिवस सरांच्या खोलीतून खोकल्याचाही आवाज आला नाही. चौथ्या दिवशी बोलावणं आलं.

“माझ्या जुन्या आलेखातलं पाणीही भिंतींचंच, असं लिहिलंयस.”

“हो, सर. सोळावं पान.”

“वाचलं.” सरांनी चष्मा काढून ठेवला. “बाराजणांत एकालाही चकती काढून बघावंसं वाटलं नाही?”

“तुम्हीच सांगायचात, सर. चकती नसताना वायू वाया घालवायचा नाही.”

“मला माझ्या सरांनी सांगितलं होतं,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. मग तिच्याकडे बघून कसनुसं हसले. “तुझा परीक्षक कोण आहे, कळलं का? माझा तिसरा विद्यार्थी. त्याची पदवीही या भिंतींचीच.”

आपलीच पदवी खोटी ठरवणाऱ्या पोरीला कोण पास करणार? सरांनी त्याचा नंबर फिरवून फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि बोलायला चक्क उभे राहिले. आजवर ते कुणासाठी उभे राहिलेले तिने पाहिलं नव्हतं.

“अरे, एक प्रबंध येतोय तुझ्याकडे. ते पाणी चकतीचं नव्हतं, भिंतींचं होतं. चूक तुझी नाही, माझी आहे. पोरीचं बरोबर आहे. ऐकतोयस ना?”

“पाठवा, सर,” पलीकडून आवाज आला. “चकती आत ढकलायला एकदा मीही विसरलो होतो. तुम्हाला घाबरून बोललो नाही.”