आबांनी मला टायर लावला

मी हर्षदाचा उजवा बूट बोलतोय. डावा शेजारीच पडलाय, पण त्याला बोलायचा कंटाळा आहे. कंटाळा मलाही आलाय. तरी आमच्यापैकी कुणीतरी सांगायला हवं, म्हणून सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. गोंदाचा वास आणि घाईतले हात, एवढंच आठवतं. मी पळण्यासाठी बनवलेला. वजनाला हलका, तळाला मऊ फोम. खोक्यावर हिरव्यागार डोंगराचं चित्र होतं, त्यामुळे मी मोठ्या थाटात होतो. खोकं उघडलं ते निमोण्यात, हर्षदाच्या गावी. समोर शेळी उभी होती आणि ती माझी नाडी चघळायच्या बेतात होती.

हर्षदा कारेगावजवळच्या एका कंपनीत पार्ट तपासते. सगळी शिफ्ट उभ्यानं. कंपनीच्या बसमधून उतरल्यावर माणसानं पाय पसरून बसावं की नाही? ही मला घालायची आणि कालव्याच्या कडेनं पळत सुटायची ती थेट माळावर. एकटीच. घाटात एक लांब पल्ल्याची शर्यत असते, पहाटे सुरू होऊन दिवस मावळताना संपणारी. ती तिला पळायची होती. त्यासाठी हा सगळा सराव. मला कुणी विचारलं नाही.

आमच्या भागात कुणी पळताना दिसलं की घरात काहीतरी विपरीत घडलंय, असंच लोक धरून चालतात. कुणीतरी मोटरसायकल थांबवायचंच. "ताई, कोण आजारी हाय का? बसा, सोडतो." वाटेवरच्या माणसाला मागं टाकून जायचं नाही, अशी इथली रीत आहे. हर्षदा हसून म्हणायची, "न्हाई दादा, मला पळायचंच हाय." तो माणूस तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा आणि डोकं हलवत निघून जायचा. मला मनातून वाटायचं, बसली असती तर काय बिघडलं असतं?

मुरूम, खडी, कुसळं, बाभळीचे काटे. महिने गेले तसा माझा फोम दबत गेला. तिचा भार उजवीकडे जास्त पडतो. त्यामुळे डावा बरा राहिला आणि माझ्या टाचेला भोक पडलं. रोज वाटायचं, आज शेवटचं. रोज ती पुन्हा नाड्या आवळायची.

आबा म्हणजे तिचे वडील. तरुणपणी मेंढरांमागे चालत ते कोकणापर्यंत उतरायचे. आता मेंढरं गेली, शेती आली आणि गुडघे धरले. लेक घाटात एकटी पळणार म्हटल्यावर त्यांची जेवणावरची वासना उडाली.

"घाटात पाय गळाला तर तिथं कोण हाय तुझं?" ते म्हणाले. "आधी हितनं दौंडला मावशीकडं पळत जाऊन दाखव. दमलीस तर चाल, पण मधी गाडीवर बसायचं न्हाई. पोचलीस तर जा शर्यतीला. न्हाई पोचलीस तर यंदा शर्यतीचं नाव काढू नगंस."

"आन् बसली तर कळणार कसं?" तिच्या आईनं, गिताबाईनं विचारलं.

"ती सांगंल की," आबा म्हणाले.

हर्षदानं कबूल केलं, येत्या रविवारी निघायचं ठरलं. तिची वर्षभराची मेहनत त्या एका रविवारावर येऊन टेकली, आणि तो रविवार माझ्यावर.

शनिवारी ती कामावर असताना आबांनी मला उचललं. भोकात बोट घालून बघितलं. "काटा सरळ पायात जाईल की," असं पुटपुटले. त्यांचा सगळा जन्म टायरच्या वहाणांवर गेला. टायरइतकं भरवशाचं जगात दुसरं काही नाही, अशी त्यांची समजूत. मग काय! जुन्या टायरचा तुकडा कापला, पंक्चरचं सोल्युशन फासलं, तुकडा माझ्या तळाला दाबून बसवला आणि वर आरीनं जाड दोऱ्याचे टाके घातले. दुपारभर मान मोडून बसले होते बिचारे. डाव्याला भोक नव्हतं, म्हणून त्याला काही लावलं नाही.

पहाटे हर्षदानं आम्हाला पायात घातलं आणि उभी राहिली ती तिरकी.

"आबा, हे काय केलंत तुम्ही?"

"काटा लागला असता बाय."

"काटा परवडला असता! एक पाय वर, एक पाय खाली. पळू कशी मी आता?" दुसरा जोड नव्हता. "विचारायचं तरी व्हतं की ओ," एवढं बोलून ती निघाली. आबा दारात आरी हातात धरून उभे राहिले. मला दोघांचीही दया आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची.

सुरुवातीला तिनं रेटलं. ऊन वर आलं तशी कंबर दुखायला लागली, मग गुडघा. इनामगावच्या अलीकडे ती लंगडायलाच लागली आणि एका लिंबाखाली मटकन बसली. तिथं सोजरबाई नावाच्या एक आजी गवत कापत होत्या. पाणी देत म्हणाल्या, "कुणाची गं तू? कोण मागं लागलंय का?"

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबलीच. "ताई, दौंडलाच निघालोय. बसा."

"बस गं पोरी," सोजरबाई म्हणाल्या. "पाय बघ कसा झालाय."

मी खरं सांगतो, मला तिनं बसायला हवं होतं. मी पार संपलो होतो. बघायला ओळखीचं कुणी नव्हतं. मावशीच्या घराआधी उतरली असती तरी झालं असतं. हर्षदानं गाडीच्या मागच्या सीटकडे बराच वेळ बघितलं.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "घरी शब्द दिलाय."

गाडी गेली. तिनं सोजरबाईंचा विळा मागून घेतला आणि माझे टाके कापले. टायर ओढायला लागली, पण आबांचं सोल्युशन सुटेना. तिनं जीव खाऊन हिसका दिला, तर टायर निघायच्या ऐवजी मीच फाटलो. खाली टायर आणि त्याला चिकटलेला माझा फोम, वर नुसतं कापड. एवढं दुखलं, पण ओरडायला तोंड कुठं होतं?

तिनं डोळे पुसले. फोम विळ्यानं खरवडून टाकला. उरलेला टायर पायाखाली धरला, कडेला भोकं पाडली आणि माझ्याच नाड्यांनी तो मोज्यावर करकचून बांधला. उभी राहिली. दोन्ही पाय आता सारखे होते.

माझं कापड तिनं पाठीवरच्या पिशवीत कोंबलं. पुढचं मी अंधारातून ऐकलं. थोडं पळणं, बरंच चालणं, तिचं स्वतःशी बोलणं. भीमेच्या पुलावर वारा लागला. मग गाड्यांचे हॉर्न वाढले आणि मला कळलं, दौंड आलं.

आबा एसटीनं आधीच येऊन मावशीच्या घराजवळच्या कोपऱ्यावर उभे होते. तिनं मला पिशवीतून काढून त्यांच्यापुढे धरलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्या पायाकडे पाहिलं आणि ते खाली बसले. त्या गुडघ्यांनी त्यांना खाली बसणं सोपं नाही. नाड्यांच्या गाठी ते एकेक करून सोडू लागले. नाड्या तिच्या पायात रुतल्या होत्या.

गाडीवर बसलीस का, हे त्यांनी विचारलंच नाही.

"घाटात थंडी असंल," गाठ सोडता सोडता ते म्हणाले. "स्वेटर घेऊन जा."

आता नवा जोड आलाय. उद्या ती निघेल. आम्ही दोघं पत्र्याखाली पडून आहोत, मी अर्धा, डावा अख्खा. माझी एवढीच विनंती आहे, मला आता कुणी दुरुस्त करू नका. आणि त्या नव्यांना कुणीतरी सांगा, वाटेत गाडी थांबली तरी आशा धरू नका. ही पोरगी बसत नाही.