जिनिंगमधली उडी

हे घडलं १९९८ साली, डिसेंबरच्या सत्तावीस तारखेला, रविवारी. साल आणि वार मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्या तळेगावात हल्ली ही गोष्ट सांगणारे कोणी पंचाण्णव साल सांगतात, कोणी दोन हजार, आणि दरवेळी धनंजयची उडी हातभर लांब होते. एकाने तर माझ्या तोंडावर साठ फूट सांगितली. मी तिथे पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. उडी बारा फुटांची होती.

धनंजय माझा भाचा, धाकटा भाऊ रूपराव याचा मोठा मुलगा. मी लवकर विधवा होऊन माहेरी परत आले आणि इथल्याच शाळेत तीस वर्षं मुलांना पाढे शिकवले. धनंजयलाही मीच शिकवले. अभ्यासात तो बेताचाच होता, पण शेतापर्यंतची दीड कोसाची वाट धावत जायचा आणि धावत यायचा, आणि आल्यावर त्याला धाप लागलेली मी कधी पाहिली नाही. एकोणिसाव्या वर्षी तो फौजेत गेला. पलटण गढवालच्या डोंगरात होती. तिथे एका सुभेदाराने त्याची छाती आणि पाय पाहून त्याला स्कीवर उभं केलं.

त्याचा खेळ नॉर्डिक कंबाइंड नावाचा होता. एकाच दिवशी दोन गोष्टी करायच्या. सकाळी उंच उतारावरून घसरत येऊन हवेत उडी घ्यायची. तिचे गुण मिळतात. दुपारी बर्फावर पंधरा किलोमीटर स्कीवर धावायचं. पण सगळ्यांनी एकदम निघायचं नाही. ज्याची उडी सर्वांत चांगली तो आधी निघतो, बाकीचे गुणांच्या फरकाप्रमाणे मागून. शेवटच्या रेषेवर आधी पोचला तो जिंकला. यात न समजण्यासारखं काही नाही. तिसरीतल्या पोरांना मी हे एका तासात समजावलं असतं. गावातल्या मोठ्या माणसांना ते शेवटपर्यंत समजलं नाही, कारण त्यांना उडी एवढाच शब्द ऐकू आला.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत देशभरच्या स्पर्धेत धनंजय पहिला आला. उडीत तो सातवा होता. पहिल्या निघणाऱ्यापेक्षा दीड मिनिटाहून अधिक उशिरा निघाला आणि पंधरा किलोमीटरमध्ये सहा जणांना मागे टाकलं. नागपूरच्या एका वर्तमानपत्राने ‘घसरगुंडीत तळेगावचा झेंडा’ अशी चार ओळींची बातमी दिली. ती दहा महिन्यांनी हेमराज शेठच्या हाती लागली, जुन्या रद्दीत, साबुदाण्याच्या पुडीबरोबर. तेव्हा गावाला धनंजयचा अभिमान वाटायला लागला.

हेमराज शेठचा आजा मारवाडातून आलेला. त्यांच्या घरची भाषा निम्मी हिंदी, निम्मी मराठी. गावाबाहेर त्यांची कापसातून सरकी काढायची जिनिंग होती. डिसेंबरात तिथे कापसाच्या गंज्या छपरापर्यंत चढायच्या. सरपंच बबनराव हे शेठचे जिवलग. एकाला जागा होती, दुसऱ्याला माइक. धनंजय सुटीवर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दोघे आमच्या ओसरीवर हजर झाले.

“सत्कार करायचा आहे फौजी,” शेठ म्हणाले. “जिल्ह्याचे साहेब येणार, मोठे. शब्द दिला त्यांनी.”

“करा ना शेठजी,” धनंजय हसून म्हणाला. “पण दोन तारखेले मले जाच लागते. अकरा जानेवारीले निवड आहे. दोन जण परदेशात पाठवून राह्यले, तीन महिने, शिकाले.”

“आणि त्या दोघांत तू?”

“पळण्यात माह्यासारखा दुसरा नाई. उडी पंधरावीस फूट वाढली त माहं नाव पक्कं.”

हे तो बढाई मारत नव्हता. वाणसामानाची यादी वाचावी तसं सांगत होता. मी दारात उभी होते. मला तेव्हाच वाटलं, पोराने हे सांगायला नको होतं. शेठच्या डोळ्यांत परदेश शिरला.

“तर मग साहेबांसमोर एक उडी होऊनच जाऊ दे,” शेठ म्हणाले. “बर्फ काय, आपल्याकडेही आहे. चल जिनिंगवर, दाखवतो. छपरापर्यंत बर्फ!”

धनंजयला आधी ती थट्टा वाटली. मग कळलं की थट्टा नाही.

“शेठजी, कापसावर स्की घसरत नाई. रुतते.”

“टीन टाकू ना उतारावर. सरकीचं तेल लावू. कढईत पुरी तरते तसा तरशील तू.”

“आन उतरू कशावर?”

“रुईवर! अरे भाई, गादीवर पडायला कोणी डरतो का?”

बबनराव मांडीवर थाप मारून हसले. माझा भाऊ रूपरावही हसला. धनंजय त्यांना समजावत राहिला की बर्फावर उतरलं की माणूस पुढे घसरत जातो, उडीचा सगळा जोर त्या घसरण्यात निघून जातो. रुई तर स्की जागच्या जागी धरेल. ही साधी गोष्ट. कापूस ज्यांच्या तीन पिढ्यांच्या हातून गेला, त्या माणसांना कापूस धरून ठेवतो हे सांगावं लागत होतं.

आत चहा करत असलेली धनंजयची बायको छाया पदर सावरत बाहेर आली. लग्नाला वर्ष झालं होतं. “हे उडीत सातवे आले होते,” ती म्हणाली. “पहिले आले ते पळण्यात. पळणं दाखवतील ना. आष्टीच्या रस्त्यानं पळतील, सारं गाव पाहील.”

“वैनी,” बबनराव म्हणाले, “पळणं त आमी एस्टीमागं रोज पाह्यतो.”

ओसरीवर हशा पिकला. छाया कपबशा ठेवून आत गेली. इतक्या लोकांत शहाणं बोलणारी ती एकटी होती आणि तिच्याच बोलण्यावर सगळे हसले.

आमच्या लहानपणी गावात कोणी कुस्ती मारून आला तर त्याला नारळ देत, मारुतीला नेत आणि दुसऱ्या दिवशी तो औतावर असे. त्याने पुन्हा कुस्ती करून दाखवावी असं कोणी म्हणत नसे. जिंकला हे पुरे होतं. पुढे सत्कार नावाचं प्रकरण आलं, शाली आल्या, पाहुणे आले, आणि जिंकणाऱ्यापेक्षा सत्कार करणाऱ्याचं नाव फलकावर मोठं झालं. या फलकावर हेमराज शेठचं नाव विटेएवढ्या अक्षरांत होतं. धनंजयचं त्याखाली, नावात चूक करून.

दोन दिवस धनंजय नाही म्हणत राहिला. गावात कुजबुज सुरू झाली. पानठेल्यावर कोणी म्हणालं, “मेडल दुकानातही भेटते बाप्पा.” कोणी म्हणालं, “बर्फावर पाहाले कोण गेलतं?” ते रूपरावच्या कानावर गेलं. माझा भाऊ वाईट माणूस नव्हता, पण लोक काय म्हणतात यावर त्याची भूक अवलंबून होती. त्या दिवशी तो जेवला नाही.

शेवटी धनंजयने मधला मार्ग काढला. पत्र्यावरून घसरत खाली येईन, काठावर थांबेन, उडी मारणार नाही. शेठ “ठीक आहे, ठीक आहे” म्हणाले. मी तेव्हा धनंजयला म्हटलं, “शेठ दोनदा ठीक आहे म्हणाले. एकदा म्हणाले असते तर विश्वास ठेवला असता.”

“आत्या, तू बी लय पाह्यतं,” तो म्हणाला.

सत्तावीस तारखेला जिनिंगच्या आवारात दोन हजार माणूस जमलं. शेडच्या छपराला टेकवून कापसाच्या गाठींचा उतार रचला होता, वर टिनाचे पत्रे, त्यावर सकाळपासून तीन गडी सरकीचं तेल चोपडत होते. उतार जमिनीच्या बराच वर संपत होता, त्या काठाखाली मोकळ्या रुईचा ढीग. आगीच्या भीतीने कोणाला विडी पेटवू देत नव्हते, त्यामुळे पुरुष मंडळी आधीच चिडलेली. साहेब दहाला येणार होते. दहाचे बारा झाले. बारा वाजता निवृत्त हेडमास्तर अण्णाजी यांना भाषणाला उभं केलं. त्यांनी पाऊण तास भाषण केलं आणि धनंजयची तुलना हनुमानाशी केली. हनुमान बर्फावर गेला होता की नाही याचाही त्यांनी थोडा विचार केला. दीड वाजता निरोप आला की साहेब जाम गावी दुसऱ्या कार्यक्रमात अडकले आहेत, येणार नाहीत.

खरं तर तिथेच सगळं संपायला हवं होतं. ज्याच्यासाठी उडी, तोच नाही. पण दोन हजार माणूस साडेतीन तास उन्हात बसलं होतं आणि शेठला ते रिकाम्या हाताने परत पाठवायचं नव्हतं.

धनंजय छपरावर चढला. अंगात खेळाचा तो घट्ट निळा पोशाख. बायकांनी तोंडाला पदर लावले. पायात माणसाहून लांब स्की. खालून तो लहान दिसत होता. बबनरावांनी माइक घेतला.

“आता आपले धनंजयभाऊ, वर्ध्याचा वाघ, आकाशात झेप घेतील!”

वरून धनंजयने हात हलवून नाही म्हटलं. तो ओरडून काही सांगत होता, पण माइकच्या गोंगाटात ते कोणाला ऐकू आलं नाही. लोकांना फक्त हलणारा हात दिसला.

“भेलं बे, घाबरलं!” मागून कोणीतरी ओरडलं. “उतरा खाली, फौजी!” शिट्ट्या वाजल्या. सगळे एका सुरात “उडी, उडी” करू लागले.

तेव्हा रूपराव उठला. खांद्यावर सत्काराची शाल होती. बापाचा सत्कार आधीच झाला होता. त्याने बबनरावांच्या हातून माइक ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने माइक धरला होता.

“धनंजय! पंधरा गावाईत सांगतलं मी, माहा पोरगा उडते म्हणून. मार उडी. नाईतर घरी नको येजो!”

छाया माझ्या शेजारी होती. “आत्याबाई, तुमी बोला ना त्याईले,” ती म्हणाली. मी उठले, पण माझ्या भावाच्या हातात माइक होता आणि माझा आवाज शाळेच्या एका खोलीएवढाच होता. मी बसले. हे मी लपवत नाही.

धनंजय वाकला. टिनावर तेलाचा सर्र असा आवाज झाला. काठावरून तो हवेत गेला, हात मागे, अंग स्कीवर झुकलेलं. मी त्याचा खेळ पहिल्यांदा पाहत होते आणि ती अर्ध्या क्षणाची उडी सुंदर होती, एवढं कबूल करते. मग रुईने स्की धरल्या. अंग पुढे गेलं, पाय मागे राहिला. आवाज कसलाच झाला नाही. कापसात आवाज होत नाही.

लोकांना वाटलं, उतरायची पद्धतच अशी. टाळ्या वाजल्या. दोन मिनिटं वाजत होत्या. शेठ हार घेऊन ढिगात घुसले, तेव्हा त्यांनी धनंजयचा चेहरा पाहिला.

डाव्या गुडघ्याचे आतले दोन्ही बंध तुटले होते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घालायचं म्हटलं. धनंजयने घालू दिलं नाही. पट्टी बांधून दोन तारखेला पुलगावहून गाडीत बसला. रूपराव स्टेशनवर आला नाही. मी आणि छाया गेलो. डब्यात चढताना त्याने दांडीला धरून उजव्या पायावर भार घेतला आणि म्हणाला, “आत्या, पळता येईल. सरळ पळाले गुडघा वळत नाई लय.”

निवडीची हकीगत त्याने मला नंतर सांगितली. तो अकरा तारखेला तिथे उभा राहिला. अधिकाऱ्यांना म्हणाला, उडी नका मोजू, शून्य गुण द्या, सगळ्यांच्या शेवटी सोडा, मी पळतो. ती भली माणसं होती. त्यांनी नियम काढून दाखवला. उडी घेतलीच नाही तर निघण्याची वेळच ठरत नाही, आणि वेळ ठरली नाही तर रेषेवर उभं राहता येत नाही. दोन्ही मिळून एकच खेळ आहे. एकच करणारा माणूस त्यात बसत नाही. ज्यांना त्याने फेब्रुवारीत मागे टाकलं होतं त्यातले दोघे परदेशी गेले. तो दोरीच्या बाहेर उभा राहून त्यांचे पंधरा किलोमीटर बघत होता. पहिल्याची वेळ धनंजयच्या नेहमीच्या वेळेपेक्षा अडीच मिनिटं जास्त होती, हे मात्र त्याने मला दोनदा सांगितलं.

गावात कोणाला वाईट वाटलं का? वाटलं ना. शेठने संत्र्यांची एक पेटी पाठवली. बबनराव म्हणाले, “आमी त आधीच म्हणत होतो, जपून.” अण्णाजींनी आपलं भाषण एका साप्ताहिकात छापून आणलं.

पुढचं थोडक्यात सांगते. रूपराव २००४ साली गेला. शेवटच्या आजारात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो उडी सांगायचा, पण धनंजय खोलीत आला की गप्प व्हायचा. बापलेकांचं त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. अण्णाजी अमरावतीला मुलाकडे गेले आणि तिथेही भाषणं करतात असं ऐकते. बबनराव २००२ मध्ये पंचायत समितीवर निवडून आले. प्रचाराच्या कागदावर जिनिंगमधला धनंजयचा हवेतला फोटो होता, परवानगी न विचारता छापलेला. पुढच्या वेळी पडले, पक्ष बदलला, पुन्हा पडले. हेमराज शेठने २००५ साली जिनिंग बंद केली आणि जामच्या चौफुलीवर मंगल कार्यालय बांधलं. ते जोरात चालतं. ते चालवणारा शेठचा मुलगा गजेंद्र वडिलांहून शहाणा आहे, एवढंच म्हणते.

छाया अंगणवाडीत लागली. अजूनही चार माणसांत शहाणं बोलते, आणि आता कोणी हसलं तर तिथेच थांबवते.

धनंजयला फौजेने काढलं नाही, पण डोंगरावर पुन्हा पाठवलं नाही. सामानाच्या कोठारात नोंदी करत तो २००८ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि पुलगावला राहिला. सायकलींचं दुकान टाकलं आहे. हिवाळ्यात डावा पाय ओढत चालतो. दर वर्षी तळेगावहून कोणी ना कोणी सत्काराचं आमंत्रण घेऊन जातं. तो त्यांना चहा पाजतो, नाही म्हणतो आणि सायकलीकडे वळतो.