सात नंबरचा उंबरा

"नाव?" नर्सबाईंनी पेन उघडून विचारलं.

"न्हाई," कोंडाबाई म्हणाली.

"असं कसं नाही, आजी? पोर नऊ महिन्यांची झाली. कार्डावर अजून 'मंगलची मुलगी' असंच लिहू का?"

"ल्हिवा की."

नर्सबाईंनी माझ्याकडं पाहिलं. सगळे माझ्याकडंच बघतात. पत्र्याच्या या चोवीस खोल्यांत नळ आटला, पोरानं शाळा बुडवली, नवरा-बायकोचं वाजलं, की कुंडलिकला बोलवा! मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. लोणीत घर आहे, सून बरी आहे, गप घरी बसायचं सोडून हा उद्योग अंगावर घेतला. दोन पावसाळ्यांपूर्वी यांचा डोंगर खचला आणि गाव त्याखाली गेलं. जी माणसं उरली त्यांना पक्की घरं होईपर्यंत इथं ठेवलंय. मी संस्थेचा माणूस, इथंच एका खोलीत राहतो. संस्थेच्या श्रेया मॅडम म्हणतात, "काका, आई-वडिलांना आणि मुलांना आधार द्यायचा." बरं, देतो. पण आधार म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे मला वर्षभरात उमगलेलं नाही.

लस झाली. रडणारी पोर खांद्यावर घेऊन मंगल माझ्या मागं आली.

"काका, तुमी सांगा ना आत्याबाईस्नी. मला माज्या पोरीला हाक मारता येत न्हाई ओ. 'ए' म्हणते, 'बाळे' म्हणते. हितल्या कुत्र्याला पण नाव हाय."

मग मी गेलो सात नंबरला. कोंडाबाई दारात बसून नाचणी पाखडत होती. हिचा नवरा आणि घर एकाच सकाळी गेलं. तेव्हापासून मुलगा सुनील, सून मंगल आणि आता ही नात.

"मावशी, पोरीचं नाव का अडवलंय?"

"मी कशाला अडवू? आमच्या घरात पोराचं कपाळ उंबऱ्याला टेकवायचं, मगच नाव. सुनीलचं तसंच झालं, त्याच्या बापाचं तसंच झालं. हितं उंबरा दावा मला."

मी खाली पाहिलं. खरंच की. दार उघडलं की सरळ कोबा. वर्षभर ये-जा करत होतो, पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हात्तिच्या! एवढंच होय? मला तर इतका आनंद झाला की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा आधार म्हणजे काय ते हाताला लागलं होतं: तीन फूट लांब, चार इंच रुंद. मॅडमना फोन केला, त्याही खूश. "काका, त्यांना हे घर आपलं वाटलंच पाहिजे!" पेठेतल्या दादाभाऊ सुताराकडून बाभळीचं लाकूड रंधा मारून आणलं.

कोंडाबाई दर सोमवारी नव्या जागेवर चालत जाते, आपल्या घराचं जोतं कुठवर आलंय बघायला. तोच दिवस धरला. सुनीलनं रोपवाटिकेतून अर्धी सुट्टी घेतली. आम्ही कोबा फोडला, लाकूड बसवलं, सिमेंट भरलं. मंगलनं हळद-कुंकू लावलं. तिनं नाव मनात ठरवलं होतं, पण सांगत नव्हती, नुसती हसत होती. मी तिला इतकं हसताना पाहिलंच नव्हतं.

चार वाजता कोंडाबाई आली. दारापाशी थबकली, उंबऱ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लावणार. तिनं डोक्यावरची मोळी खाली टाकली आणि तिथंच मातीत बसली.

"घरं रद्द झाली का?"

"नाही हो मावशी! कोण म्हणालं?"

"मग उंबरा का बसिवला? दोन दिस ऱ्हायाच्या जागंला कोन उंबरा बसिवतं? घर द्यायचं न्हाई म्हनून ह्येच घर केलं व्हय?"

मी समजावत होतो तोवर आठ नंबरची बाई आली, मग पंधरा नंबरचा भिका, मग सगळेच. "घरं रद्द झाली म्हनं?" "सायबानं सांगितलं का?" "भाऊ, खरं काय ते सांगा की राव!" माझी मतीच गुंग झाली. मी कुणाचं काय बिघडवलं होतं? लाकडाचा एक तुकडा तर बसवला होता.

कोंडाबाईनं हात वर केला, तशी माणसं गप्प झाली. तिनं मंगलकडून पोर घेतली आणि माझ्यासमोर धरली.

"हिच्या डोस्क्यावर हात ठिवा. सांगा, आमचं घर मिळंल. म्या आत्ता कपाळ टेकिवते."

मी हात उचलला, खोटं नाही सांगत. पण तारीख तीनदा पुढं गेली होती. आधी पाडवा, मग दिवाळी, मग नुसतं 'बघू'. तीस वर्षं मी दारात उभा राहून गाडी कुठं जाणार ते ओरडून सांगितलं. ही गाडी कुठं चाललीय ते मलाच ठाऊक नव्हतं. पोर माझ्या बोटांकडं बघत होती. मी हात खाली घेतला.

"सुनील," मी म्हणालो, "पहार आण."

सिमेंट ओलंच होतं, फार जोर लागला नाही. कोंडाबाई आमच्याकडं पाठ करून बसली होती. लाकूड सुटत आलं, तशी मंगल पुढं आली. खाली वाकून तिनं पोरीचं कपाळ त्या हलत्या लाकडाला टेकवलं, तिच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि उठून आत गेली. सुनील पहार धरून तसाच उभा राहिला. मीही काही पाहिलं नाही असं केलं. बरोबर झालं की चूक, मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात नर्सबाई वजन घ्यायला आल्या. "नाव?"

मंगल खाली बघत राहिली.

"न्हाई अजून," कोंडाबाई म्हणाली. "जागा मोकळी ठिवा. भरायचीय."

वजन झालं. पोर रांगत पायरीकडं निघाली, तशी मंगलनं मागून हळूच काहीतरी हाक मारली. मला नीट ऐकू आलं नाही. पोर मात्र गर्रकन वळली. मी कोंडाबाईकडं पाहिलं.

ती चप्पल पायात सरकवत होती. माझ्याजवळून जाताना थांबली.

"मी काय भैरी हाय व्हय, भाऊ?" ती हळू आवाजात म्हणाली. "लाकूड कुठंय त्ये?"

"माझ्या खाटेखाली आहे."

"त्येल लावत जा. वाळवी लागंल."

मग तिनं नातीला कडेवर घेतलं आणि सात नंबरकडं चालू लागली.