पाच डेसिबलचा फरक

बसमधल्या स्फोटानंतर नऊ आठवडे दर गुरुवारी ती मंडळी माझ्या खोलीबाहेरच्या बाकांवर येऊन बसत, आणि अख्ख्या रुग्णालयात त्यांच्याइतका गोंगाट कोणीही करत नसे. कान तपासणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे गोंगाटाचे एक कारण मला ठाऊक होते: ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तो माणूस ओरडतो. पण ते सतत हसतही असत, आणि त्याचे कारण मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. लिफ्ट बंद पडली की हसायचे. परिचारिकेने दटावले की तिचे दटावणे निम्म्यांना ऐकू आले नाही म्हणून हसायचे. पाचव्या आठवड्यापासून तीही हसू लागली.

वाचलेले अकरा प्रवासी आणि बाराव्या क्रमांकाचे ड्रायव्हरमामा. सकाळी आठ चाळीसला, मागच्या बाकाखाली कोणीतरी ठेवून गेलेल्या पिशवीचा स्फोट झाला. तीन प्रवासी आणि कंडक्टर जागीच गेले. ज्या संघटनेने हे केले तिचे लांबलचक पत्रक दुसऱ्या दिवशी छापून आले. त्यात मरणाऱ्यांविषयी किंवा वाचणाऱ्यांविषयी एक शब्दही नव्हता. दार अडकले होते. कानांतून रक्त येत असताना मामांनी लोखंडी दांड्याने ते उघडले आणि अकरा जणांना एकेक करून बाहेर काढले.

वाचलेल्यांपैकी शिंपीबुवा घरंगळलेले बटण उचलायला वाकले होते, म्हणून वाचले, असे त्यांचे ठाम मत होते. ते बटण ते खिशात घेऊन फिरत आणि दिसेल त्याला दाखवत. मी त्यांना समजावले की स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो, ते पुढून दुसऱ्या बाकावर होते, बटणाचा यात काडीचा संबंध नाही. ते म्हणाले, असेलही. पण अंतर खिशात घालून फिरता येत नाही.

नवव्या आठवड्यापर्यंत अकरापैकी नऊ जणांचे माझ्याकडे काहीच काम उरले नव्हते. तरी ते येत, कारण मामांचा निकाल लागायचा होता. परिवहन खात्याने मामांना नऊ आठवड्यांची मुदत दिली होती. आमच्या मोजमापात आकडा जितका लहान तितका कान चांगला, आणि नियम असा की चांगल्या कानाची सरासरी चाळीस डेसिबलच्या वर गेली तर बस चालवणे कायमचे बंद. मग निवृत्तीपर्यंत डेपोच्या कोठारात टायर रचायचे. मामांनी बावीस वर्षे बस चालवली होती, त्यातली एकोणीस त्याच कंडक्टरसोबत. त्याने मागून दोन घंटा दिल्याशिवाय त्यांनी बस कधी हलवली नाही, अशी त्यांची ख्याती होती. मामी सांगत, हल्ली जेवतानाही यांचा उजवा पाय ब्रेक दाबत असतो. त्यांनी टेबलाखाली एक उशी ठेवली होती.

पहिल्या आठवड्यात मामांची सरासरी साठच्या पुढे होती. सहाव्या आठवड्यात त्रेचाळीस पूर्णांक पाऊण. कानांचे फाटलेले पडदे भरून आले होते, आणि आतल्या कानाची सुधारणा एव्हाना थांबलेली असते. हे मी मामींना सांगितले होते. सांगायला नको होते, हे मला नवव्या गुरुवारी कळले.

त्या दिवशी गणिताच्या बाईंना, म्हणजे वाचलेल्यांपैकी सर्वांत वयस्कर आणि सर्वांत खमक्या बाईंना, अचानक चक्कर येऊ लागली. बाहेर बसवत नाही म्हणाल्या, आणि माझ्या पाठीमागच्या स्टुलावर येऊन विराजमान झाल्या. मामा काचेच्या बंद खोलीत, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे, एवढीच परीक्षा. मी आवाज सोडला की माझ्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. तो मामांना दिसत नाही, माझ्या पाठीमागून मात्र स्वच्छ दिसतो.

मामांनी पन्नासला बटण दाबले. तीसला दाबले. दहाला दाबले. शून्यालाही, क्षणाचाही विलंब न लावता. असा कान मी फक्त पाठ्यपुस्तकात पाहिला होता, आणि तोही वटवाघळांच्या प्रकरणात.

माझी एक जुनी पद्धत आहे. दर पाच आवाजांत एकदा मी आवाज पूर्ण बंद करून कळ दाबते. दिवा लागतो, पण कानात काहीच जात नाही. मामांनी त्या नसलेल्या आवाजालाही बटण दाबले. दुसऱ्यांदा नसलेला आवाज सोडून मी मान वळवली. गणिताच्या बाई चष्मा सारखा करत होत्या.

"चक्कर कशी आहे?" मी विचारले.

"थांबली," बाई म्हणाल्या. "तुम्ही बघितल्याबरोबर थांबली."

कट पुढे सविस्तर उघड झाला. आठवडाभर शिंपीबुवांच्या दुकानात टॉर्च लावून तालीम चालली होती. खोकला हे पहिले साधन ठरले होते, पण ते मामांना ऐकू येईना, म्हणून चष्मा: दिवा लागला की बाईंनी तो सारखा करायचा. दाराच्या काचेला नाके लावून बाकीचे दहा जण उभे होते आणि पकडले गेल्याचे पाहून त्यांना हसू आवरत नव्हते. बाईंना मात्र लाज वाटली असावी. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाला कॉपी करू दिली नाही, त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच केली आणि नसलेल्या प्रश्नाचेही उत्तर देऊन बसल्या.

मी तो कागद 'ग्राह्य नाही' असा शेरा मारून फाइलला लावला, सर्वांना बाहेर काढले, मामांच्या खोलीच्या काचेवर पडदा ओढला आणि पुन्हा सुरुवात केली. हसणे बाहेर थांबले होते. आता जो आकडा येईल तोच खात्याकडे जाणार, हे त्यांना समजले होते.

पडदा ओढल्यामुळे मला मामांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त त्यांच्या बटणाचा लाल दिवा. त्यामुळेच बहुधा मला ते दिसले. सुरुवातीला मी नेहमी एक मोठा, सत्तरचा आवाज देते, परीक्षार्थीला सवय व्हावी म्हणून. तो बहिऱ्यालाही कळावा. मामांनी बटण दाबले नाही. पुन्हा दिला, दाबले. ऐकू येईनासे होईपर्यंत मी खाली उतरले, मग पाच-पाचने पुन्हा वर चढले. पस्तीसला काही नाही, चाळीसला दाबले. दुसरा सूर घेतला. पहिल्या आवाजाला काही नाही, दुसऱ्याला दाबले. सूर कोणताही असो, शांततेनंतर ऐकू आलेला पहिला आवाज ते सोडून देत होते. सहाव्या आठवड्यातही त्यांनी हेच केले होते, आणि मी ते त्यांच्या मंदपणाच्या खाती टाकून मोकळी झाले होते. प्रत्येक वेळी मी एक पायरी, म्हणजे पाच डेसिबल, जास्त मोजत आले होते.

मी उठून काचेच्या खोलीत गेले आणि त्यांच्या कानावरचा हेडफोन काढला.

"मामा, पहिला आवाज ऐकू येतो का?"

"येतो की."

"मग बटण का दाबत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी लाल दिव्यात गाडी घालायला सांगत होते. "एकावर कसं निघणार, बाई? एक म्हणजे थांब. दोन झाले की निघायचं."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. त्याला कधी सांगावं लागलं नाही."

'त्याला' म्हणजे कोणाला, हे मी विचारले नाही. मग मला हसू फुटले. मी कारण शोधले, आणि नऊ आठवड्यांत पहिल्यांदाच मला ते सापडले नाही तरी काही बिघडले नाही.

आमच्या सूचनापुस्तिकेत जोडीने आवाज देण्याची मुभा आहे. तीस वर्षांत मी ती वापरली नव्हती. आता वापरली: टिंग, टिंग. लाल दिवा लागला. पुन्हा एक पायरी खाली: टिंग, टिंग. अधूनमधून मी नसलेली जोडीही सोडली. तिला मामा बधले नाहीत. डाव्या, म्हणजे चांगल्या, कानाचे चार सुरांवरचे चार आकडे आले: तीस, पस्तीस, चाळीस, पन्नास.

दार उघडून मी ते चार आकडे नुसते वाचून दाखवले. भागाकार मुद्दाम केला नाही. गणिताच्या बाईंनी तोंडी केला.

"अडतीस पूर्णांक पाऊण," त्या म्हणाल्या, आणि ज्यांना ऐकू आले नाही त्यांच्यासाठी पुन्हा, एवढ्या जोरात की वरच्या मजल्यावरून चौकशीला माणूस आला.

पुढचे मी शास्त्रीय भाषेत सांगू शकत नाही. शिंपीबुवांनी परिचारिकेला बटण देऊन टाकले, आणि लगेच परत मागितले. मामी माझा हात धरून सांगत होत्या की उशी आता तुम्हाला आणून देते, अगदी नवी आहे. मामा तेवढे बाकावर बसले होते, दोन्ही हात समोर गोल धरून.

बारा दिवसांनी, सकाळी, मी त्या बसमध्ये चढले. माझे घर दुसऱ्या दिशेला आहे. निरीक्षणासाठी गेले होते, एवढीच नोंद मी करते. अकराही जण आधीच बसलेले. नवी कंडक्टरबाई दुसऱ्या मार्गावरून बदलून आलेली, आणि इतक्या हसऱ्या चेहऱ्यांमुळे बहुधा भांबावलेली. तिने दोरी ओढली. एक घंटा वाजली.

बस जागची हलली नाही. मामा सरळ समोर पाहत होते. कंडक्टरबाई दोरी धरून, आपले काय चुकले ते शोधत उभी राहिली.

गणिताच्या बाई बाकाचा आधार घेऊन उठल्या, टाचा उंचावल्या, आणि त्यांनी दोरी एकदा ओढली.

बस निघाली.